जिभेखालची बी-१२ पट्टी: विरघळते छान, दावा मात्र पटत नाही

जिभेखाली ठेवायची जीवनसत्त्व बी-१२ची पातळ पट्टी मी दोन महिने रोज घेतली. पोटाला वळसा घालून औषध थेट रक्तात उतरते, असा दावा तिच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत केलेला आहे. पट्टी म्हणून ती खरोखर चांगली बनवलेली आहे. माझी तक्रार आहे ती त्या दाव्याबद्दल.

पट्टी टपाल तिकिटाएवढी, लालसर आणि जवळजवळ पारदर्शक आहे. तिचा मुख्य घटक पुलुलान, म्हणजे एका बुरशीपासून मिळणारी नैसर्गिक बहुशर्करा. तिला स्वतःची चव नसते, वाळल्यावर तिचा लवचीक पापुद्रा होतो आणि लाळ लागताच ती विरघळू लागते. बोट किंचित ओले असले तरी पट्टी बोटालाच चिकटते, हे पहिल्याच दिवशी कळले. घड्याळ लावून पाहिले, तर ५० सेकंदांच्या आत तिचा मागमूस उरत नाही. त्यानंतर तोंडात गोडसर लाळ साठते आणि ती गिळण्यावाचून गत्यंतर नसते. एकदा मुद्दाम दोन मिनिटे थांबून मी ती बेसिनमध्ये थुंकली, तर ती स्पष्ट गुलाबी होती. घटकांच्या यादीत रंग नाही. म्हणजे ही लाली बी-१२चीच, आणि रोज ती पोटातच जात होती.

जिभेखालचे अस्तर पातळ असते आणि तिथले रक्त यकृताला टाळून हृदयाकडे जाते, हे खरे आहे. पण ही वाट मुख्यतः लहान आणि स्निग्धस्नेही, म्हणजे स्निग्ध पदार्थांत सहज मिसळणाऱ्या, रेणूंना सोयीची असते. अ‍ॅसेनापिन हे मानसिक आजारांवरचे औषध गिळल्यास त्याचा २ टक्क्यांहूनही कमी भाग रक्तापर्यंत पोहोचतो, तर जिभेखाली ठेवल्यास सुमारे ३५ टक्के. बी-१२चा रेणू मात्र १३००हून अधिक रेणुभाराचा, म्हणजे बराच मोठा, आणि जलस्नेही, म्हणजे पाण्यात मिसळणारा, आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५०० मायक्रोग्रॅम बी-१२ गिळणाऱ्यांची आणि जिभेखाली ठेवणाऱ्यांची रक्तातील पातळी सारखीच सुधारली होती. सायकेडेलिक, म्हणजे भास निर्माण करणाऱ्या, संयुगांबाबतही जिभेखालच्या मार्गाचे असेच सरसकट गोडवे गायले जातात. प्रत्यक्षात त्यांपैकी सायलोसायबिन या काही अळिंब्यांत आढळणाऱ्या संयुगावरचा विद्युतभारित फॉस्फेट गट त्याला अस्तरातून सहज जाऊ देत नाही आणि तो गट मुख्यतः आतडे व यकृत यांतच सुटतो.

औषध अस्तराला धरून ठेवायचे असेल, तर कायटोसानसारखे बहुवारिक (पॉलिमर) लागते. त्याचा धनभार अस्तरावरच्या श्लेष्म्याच्या, म्हणजे बुळबुळीत थराच्या, ऋणभाराला चिकटतो. ते बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढतात, त्यामुळे शाकाहारी ग्राहकांसाठी उत्पादकाने पुलुलान निवडले असेल, तर ते मी समजू शकतो. मग थेट रक्तात मिसळण्याची भाषा तरी वेष्टनावरून काढावी.

ज्यांना गोळी गिळणे जड जाते, त्यांनी ही पट्टी जरूर घ्यावी. फक्त हात कोरडे असावेत आणि पाकीट कात्रीनेच कापावे, कारण हाताने फाडताना माझ्या तीन पट्ट्या पाकिटासकट फाटल्या.