सर्किट, सेट की चालणं? आठवड्याचे तीन पाऊण तास कुठे द्यावेत

नोकरी, प्रवास आणि घर सांभाळून बहुतेकांच्या हाती व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा पाऊण तास उरतो. तो कुठे द्यायचा हा खरा प्रश्न आहे, आणि समोर साधारण तीन वाटा असतात. पहिली सर्किट ट्रेनिंगची: पाच-सहा व्यायाम एकापाठोपाठ, मधे जेमतेम उसंत, मग तीच फेरी पुन्हा. दुसरी जिममधल्या नेहमीच्या सेट-पद्धतीची: एकच व्यायाम घ्यायचा, त्याच्या आठ-बारा रेप्स (आवर्तनं) मारायच्या, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि पुन्हा तोच करायचा. तिसरी चालण्याची किंवा धावण्याची.

आमचं मत आधीच सांगतो. बरीच वर्षं व्यायाम सुटलेल्या, मोठा आजार नसलेल्या तिशी ते पन्नाशीतल्या माणसाने सर्किटपासून सुरुवात करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांकडून दोन वेगळ्या गोष्टी मागतात: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार दमाचा, म्हणजे हृदय आणि श्वासाला काम देणारा व्यायाम, आणि शिवाय किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचं काम. रोज सकाळी नेमाने चालणारे लोक पहिली अट पुरी करतात, पण दुसरीकडे फिरकतही नाहीत. सर्किट त्याच पाऊण तासात दोन्ही बाजूंना भर घालतं. मात्र एकाही बाजूची भर पूर्ण नसते, आणि निवड करणाऱ्याने ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

ताकद आणि दम: कोण किती देतं

सर्किटची बांधीव पद्धत १९५३ मध्ये इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि अॅडमसन यांनी बसवली. थोड्या जागेत, थोड्या वेळात पुष्कळ विद्यार्थ्यांना व्यायाम द्यायचा आणि तरी प्रत्येकाने आपल्या कुवतीप्रमाणे करायचा, ही त्यामागची गरज होती. आजच्या बॅचमध्ये एकाच शिट्टीवर वीस जण सारख्याच वेगाने उड्या मारतात, तेव्हा त्यातला ‘आपल्या कुवतीप्रमाणे’ हा भाग गळून पडलेला असतो.

ताकदीचा हिशोब विश्रांतीवर चालतो. जोराच्या हालचालीला स्नायू जे तातडीचं इंधन वापरतो, ते ३० सेकंदांत साधारण निम्मं आणि तीनेक मिनिटांत जवळजवळ पूर्ण भरून येतं. सरावलेल्या तरुणांवरच्या २०१६ च्या एका अभ्यासात सेटमधे १ मिनिट थांबणाऱ्यांपेक्षा ३ मिनिटं थांबणाऱ्यांची ताकद जास्त वाढली. आता सर्किट पाहा. बैठका झाल्या की जोर, मग ओढण्याचा व्यायाम; पुन्हा बैठकांची पाळी येईपर्यंत मांड्यांना पाचेक मिनिटं मिळालेली असतात. म्हणजे त्या स्नायूपुरती विश्रांती पुरेशी असते, पण हृदय आणि श्वास मात्र थांबलेले नसतात. त्यामुळे मांडी तयार असूनही धाप लागल्याने वजन कमी घ्यावं लागतं. नवख्याला त्याने काही बिघडत नाही, कारण सुरुवातीचे काही महिने त्याची ताकद हलक्या वजनावरही वाढते. वर्षभर सराव झालेल्याला मात्र ही मर्यादा जाणवू लागते, आणि तिथे सेट-पद्धत स्पष्टपणे सरस ठरते.

दमाच्या बाबतीतही असंच आहे. वजनांच्या सर्किटवरचे जुने अभ्यास १९८१ मध्ये गेटमन आणि पोलॉक यांनी एकत्र तपासले, तेव्हा शरीराच्या प्राणवायू वापरण्याच्या क्षमतेतली वाढ ५ टक्क्यांच्या आसपास निघाली. नियमित धावण्याच्या कार्यक्रमांतून याच्या कितीतरी पट वाढ होते. मनगटावरचं घड्याळ इथे फसवतं. वजन घट्ट पकडलं, श्वास अडला की ठोके वाढतात, पण प्राणवायूचा वापर त्या प्रमाणात वाढत नाही. सर्किटमधले १५० ठोके आणि धावतानाचे १५० ठोके यांचं काम सारखं नसतं. पायऱ्या चढणं, जागच्या जागी पळणं असे प्रकार फेरीत घातले तर हा फरक बराच कमी होतो.

कॅलरींविषयी थोडक्यात. ७० किलोच्या माणसाचा अर्ध्या तासाचा अंदाज असा: जोरदार सर्किट २८०, मध्यम सर्किट किंवा साडेपाच किलोमीटर वेगाचं झपझप चालणं १५०, सेट-पद्धत १२०, ताशी ८ किलोमीटरने धावणं २९०. व्यायाम संपल्यावरही शरीर तासन् तास चरबी जाळत राहतं, ही जाहिरातीतली गोष्ट खरी असली तरी त्यातून मिळणारी भर किरकोळ असते. जोरदार अर्ध्या तासात जे खर्च झालं ते एका वडापावात परत येतं. वजन उतरवण्याचा प्रश्न मुख्यतः ताटात सुटतो; व्यायामाची निवड त्यावर करू नये.

| बाब | सर्किट | सेट-पद्धत | चालणं / धावणं |
|---|---|---|---|
| एका सत्राचा वेळ | ३५–४० मिनिटं | ५०–७० मिनिटं | ३०–५० मिनिटं |
| ताकद | पहिले काही महिने चांगली | सर्वांत जास्त | पायांपुरती, तीही थोडी |
| दम | मध्यम | कमी | सर्वांत जास्त (धावण्यात) |
| घरी, पावसाळ्यात | सहज | सामान असेल तर | अवघड |
| संध्याकाळी सातच्या जिममध्ये | अवघड | सोयीचं | ट्रेडमिल मोकळी असेल तर |
| चुकायची शक्यता | दमल्यावर ढब बिघडते | वजन झेपेनासं होतं | अंतर घाईने वाढतं |

‘सातच्या जिममध्ये’ ही ओळ मुद्दाम घातली आहे. चार मशिन फिरत्या फेरीत वापरायची म्हणजे ती चारही अडवून ठेवायची, आणि गर्दीत ते जमत नाही. जिममध्येच सर्किट करायचं असेल तर एक बेंच आणि डंबेलची एक जोडी घेऊन एका कोपऱ्यात बसेल अशी फेरी आखा.

घरची एक फेरी

सहा स्टेशन, म्हणजे सहा व्यायामांच्या जागा; प्रत्येकी ४० सेकंद काम आणि २० सेकंद पुढच्या जागी जायला. एक फेरी ६ मिनिटांची. फेऱ्या तीन, मधे २-२ मिनिटं. हे झाले २२ मिनिटं. आधी ७ मिनिटं अंग गरम करायला आणि शेवटी ५ मिनिटं सावकाश चालायला धरली तर ३५ मिनिटांच्या आत काम होतं.

१. खुर्चीवर बसून उठणं, हात छातीशी. सोपं वाटू लागलं की ५ किलोची तांदळाची पिशवी छातीशी धरून.
२. ओट्यावर हात टेकवून जोर. ओटा सोपा झाला की पलंगाची कड, मग जमीन.
३. एका हाताने सॅक ओढणं: दुसरा हात खुर्चीवर, पाठ सपाट, कोपर कमरेकडे. २० सेकंदांनी हात बदला. सॅकमध्ये ६ ते ८ किलो पुस्तकं.
४. जिन्याची एक पायरी चढणं-उतरणं, अर्ध्या वेळाने आघाडीचा पाय बदलून.
५. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं, वर दोन सेकंद थांबून.
६. पाच-पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन दोन्ही हातांत घेऊन घरातल्या घरात ताठ चालणं.

क्रमाला कारण आहे. लागोपाठच्या दोन स्टेशनांवर तोच स्नायू येऊ नये. सॅक ओढणं आणि कॅन घेऊन चालणं शेजारी ठेवलं तर पाठ आणि पाय दमायच्या आधी मुठीच सुटतात, म्हणून त्यांच्यात दोन स्टेशनांचं अंतर आहे.

पहिले दोन आठवडे दोनच फेऱ्या, ३० सेकंद काम आणि ३० सेकंद उसंत. सत्रं एक दिवसाआड. व्यायाम किती जोरात करायचा? लहान वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

बहुतेकांची गाडी पुढे इथे अडते: वही नसते. प्रत्येक स्टेशनच्या रेप्स पहिल्या आणि शेवटच्या फेरीत मोजून लिहा. पहिल्या फेरीत १६ बैठका आणि तिसऱ्यात १५ असतील तर वजन वाढवायची वेळ झाली. तिसऱ्यात ११ वर आलात तर फेऱ्यांमधली विश्रांती ३ मिनिटं करा. तीन महिने तीच सॅक आणि तेच ४० सेकंद चालू राहिले तर घाम पूर्वीइतकाच येतो, पण ताकद आहे तिथेच राहते. सर्किटला ‘नुसता कार्डिओ’ म्हणून नावं ठेवली जातात ती याच चुकीमुळे.

दुसरी चूक वेगाची. घड्याळाशी शर्यत लागली की बैठक अर्ध्यावर येते, जोर मारताना कंबर खाली लोंबते. रेप मोजायची ती पूर्ण झालेलीच. श्वास जोर लावताना सोडा. कोंडून धरला की रक्तदाब एकदम चढतो.

तिसरी चूक पहिल्याच दिवशी उत्साहात शेकड्याने बैठका मारण्याची. २४ ते ७२ तास अंग दुखणं स्वाभाविक आहे. पण स्नायू सुजले, हात-पाय हलवणं कठीण झालं आणि लघवी गडद तपकिरी झाली तर घरी थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण आल्याचं ते लक्षण असू शकतं.

आजार असेल तर निवड बदलते

विश्रांतीतला रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर वजनाचा कुठलाही व्यायाम सुरू करू नये. आधी तो औषधाने खाली आला पाहिजे. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉलसारख्या गोळ्या चालू असतील तर ठोके दबलेले राहतात, म्हणून घड्याळापेक्षा वर सांगितलेल्या बोलण्याच्या चाचणीवर (वाक्य बोलता येतं, गाणं नाही) विसंबा. छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप असेल तर तिन्ही वाटा डॉक्टरांना विचारूनच.

टाइप २ मधुमेहात सर्किटची बाजू खरोखर भक्कम आहे. २००७ आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत दमाचा आणि ताकदीचा व्यायाम एकत्र करणाऱ्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर सर्वांत चांगली सुधारली. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी सुरू करण्यापूर्वी साखर तपासावी; ९० च्या खाली असेल तर आधी १५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात जाऊ द्यावीत, एक लहान केळं पुरतं.

गुडघेदुखी असेल तर चौथ्या स्टेशनची पायरी १० सेंटिमीटरची घ्या, किंवा तिथे जागच्या जागी चाला. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर वजन घेऊन पाठीतून पुढे वाकणं पूर्ण टाळा, आणि घाईच्या सर्किटऐवजी देखरेखीखालची सेट-पद्धत निवडा. हाडांना हलक्या वजनाच्या पुष्कळ रेप्सपेक्षा हळूहळू वाढवत नेलेलं वजन जास्त उपयोगी पडतं.

आता सूर्यनमस्कारांविषयी, कारण मराठी घरात हा प्रश्न येतोच. ते अखंड चालतात, दम लावतात, खांदे आणि पाठीचा कणा मोकळा करतात. जोर-बैठकांनी पायांत आणि छातीत ताकद येते हेही खरं. पण या दोन्हींत ओढण्याचा व्यायाम जवळजवळ नाही. दिवसभर संगणकापुढे वाकून बसणाऱ्याच्या पाठीला नेमकं तेच हवं असतं. बारा सूर्यनमस्कार अंग गरम करायला ठेवा आणि सॅक ओढणं त्यात वाढवा. नेम मोडायची गरज नाही.

स्वतःची बाजू ओळखायला दोन चाचण्या

पहिली: हात छातीवर, खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला १४ आणि स्त्रीला १२ जमायला हवेत. त्याहून तरुण असून तेवढेही होत नसतील तर ताकद फारच मागे पडली आहे. दुसरी: चार मजले, म्हणजे ६० पायऱ्या, न थांबता आणि न धावता. मिनिटाच्या आत झाले तर दम चांगला, दीड मिनिटाच्या वर गेला तर कमी. छातीत काही जाणवलं तर तिथेच थांबा.

दोन्ही कमी पडले तर सर्किट. दम ठीक पण उठताना मांड्या थरथरतात, असं नियमित चालणाऱ्या पन्नाशीपुढच्यांत फार दिसतं. त्यांनी दोन दिवस सेट-पद्धत घ्यावी आणि चालणं चालू ठेवावं. ताकद आहे पण चौथ्या मजल्यावर बोलता येत नाही, त्यांनी तीनपैकी दोन दिवस झपझप चालण्याला किंवा धावण्याला द्यावेत आणि एक दिवस सर्किटला.

बारा आठवड्यांनी दोन्ही चाचण्या पुन्हा करा, त्याच खुर्चीवर आणि त्याच जिन्यावर. खुर्चीचा आकडा वाढायचा थांबला असेल तर सर्किटचा एक दिवस काढून तिथे सेट-पद्धत घाला: तीनच व्यायाम, प्रत्येकी तीन सेट, मधे पूर्ण तीन मिनिटं.