माक्याचं तेल: आधी बाटलीतलं, मग घरी कढवलेलं, सहा महिन्यांचा अनुभव

मागच्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला, त्यातून उठले आणि दिवाळीच्या सुमारास केस जायला लागले. म्हणजे कंगव्यात गुंतवळ, उशीवर केस, बाथरूमच्या जाळीवर रोज एक पुंजका, आणि वेणी तर बोटाएवढी राहिली. दिवसाला 50 ते 100 केस गळणं नॉर्मल असतं म्हणतात, पण हे त्याच्या फार पुढचं होतं, मी रडकुंडीला आले होते आणि जो जे सांगेल ते करत सुटले. त्यात सगळ्यात जास्त दिवस लावलं ते माक्याचं, म्हणजे भृंगराजाचं तेल, म्हणून त्याच्याबद्दल नीट लिहितेय.

पहिलं ऑनलाइन मागवलं. 200 मिलीला साडेचारशे रुपये, बाटलीवर माका, जास्वंद, आवळा सगळ्यांची चित्रं, तेल एकदम हिरवंगार. कंपनीचं नाव घेत नाही. दोन महिने इमानेइतबारे लावलं. लावलं की केस मऊ आणि चमकदार वाटायचे, धुतले की पुन्हा झाडूसारखे, आणि हाताला ते तेल तेलासारखं लागतच नव्हतं, पातळ, वास नुसता सेंटचा. मग एक दिवस मागच्या बारीक अक्षरांचा मोबाईलवर फोटो काढला, झूम करून वाचलं, तर सगळ्यात जास्त लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजे मिनरल ऑइल, माक्याचा अर्क नावाला आणि वरून रंग घातलेला. मिनरल ऑइल काही विष नाहीये, केसावर थर बसतो, गुंता कमी होतो. पण 2003 साली एक अभ्यास छापून आला होता, त्यात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल अशी तिघांची तुलना केली होती, आणि केसांमधलं प्रोटीन कमी जायला मदत झाली ती फक्त खोबरेलाने, कारण ते केसाच्या आत मुरतं. मग साडेचारशे रुपये कशाचे दिले मी? राग आला तो याचा. माक्याचं म्हणून विकताय तर माका घाला ना.

सासूबाई कराडकडच्या. त्या म्हणाल्या, अगं पाटाच्या कडेला माका माजलाय आणि तू विकत कसला आणतेस. पुढच्या खेपेला गोणीभर घेऊन आल्या. माका ओळखायचा कसा तेही दाखवलं: पानं खरखरीत, फूल बारीक पांढरं, आणि पान-देठ बोटांत चुरगाळलं की थोड्या वेळाने बोट काळपट पडतं. सोसायटीच्या बागेत पिवळ्या फुलांचं जमिनीवर पसरणारं असतं ना, त्यालाही लोक भृंगराज म्हणून तोडून नेतात, ते वेगळं झाड आहे, ते घेऊ नका.

तेल कढवायचं माप शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातलं आहे, कल्क म्हणजे वाटलेल्या औषधांचा गोळा एक भाग, तेल चार भाग आणि रस किंवा काढा सोळा भाग. आम्ही पाव लिटर खोबरेल घेतलं, त्याला लिटरभर माक्याचा रस, आणि आवळा, ब्राह्मी, जटामांसी वाटून साधारण 60 ग्रॅमचा गोळा. हे सुकं सामान पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणलं, फार महाग नाही पडलं. लोखंडी कढईत मंद गॅसवर तीन-साडेतीन तास लागले आणि खरी कसोटी शेवटच्या अर्ध्या तासात असते, सासूबाई तिथून हलल्या नाहीत. आधी नुसती चुरचुर चालू असते, म्हणजे पाणी आहे अजून. मग आवाज कमी होतो, तेलावर फेस यायला लागतो. त्यांनी चमच्याने तळाचा कल्क काढला, जरा निवू दिला आणि दोन बोटांत वळला, त्याची वात झाली. ती वात निरांजनाच्या ज्योतीवर धरली, तडतडली नाही, लगेच गॅस बंद. तडतडली तर पाणी राहिलंय, असं तेल पंधरा दिवसांत खवट होतं, बुरशीसुद्धा धरतं. यूट्यूबवर दहा मिनिटांत पानं तळून तेल तयार म्हणतात, त्यात हे काहीच नसतं.

आता रिझल्ट. केस तुटणं नक्की कमी झालं, टोकं कमी फाटतात, डोकं शांत वाटतं आणि झोप छान लागते. पण नवीन केस तेलाने उगवले असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. कारण मधे मी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्या म्हणाल्या, मोठ्या तापानंतर बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात, बहुतेकांचे सहाएक महिन्यांत आपोआप सावरतात. ब्लड टेस्टमध्ये माझं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही कमी निघाला, लोहाच्या गोळ्या चालू झाल्या. माक्यावरचे केसवाढीचे जे प्रयोग मी वाचले ते उंदरांवरचे होते. तेव्हा माझ्या कपाळाशी जे बोटभर नवे केस आलेत त्यात गोळ्या किती, वेळ किती आणि माका किती, हे वेगळं काढता येत नाही. केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे पंधरा दिवसांत लांबसडक म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. आणि चट्टे पडून केस जात असतील किंवा भांग रुंद होत चालला असेल तर तेलावर महिने घालवू नका गं, आधी डॉक्टरकडे जा, थायरॉईड, हिमोग्लोबिन बघून घ्या.

एक चूक माझीही झाली. सुरुवातीला रात्रभर लावून ठेवायचे, रोज, तर कोंडा वाढला आणि खाज सुटली. कोंड्याची बुरशी तेलावरच पोसते. आता आठवड्यातून दोनदा, धुवायच्या आधी एक तास, बस. हिवाळ्यात खोबरेल थिजतं तेव्हा बाटली गरम पाण्यात ठेवायची, डायरेक्ट गॅसवर नाही. पहिल्यांदा लावताना कानामागे थोडंसं लावून एक दिवस थांबा.

बाटलीतल्याला पाचपैकी एक, तोही गुंता सुटतो म्हणून. घरच्याला चार. एक कापला कारण खटाटोप खूप आहे, ताजा माका शहरात सहज मिळत नाही, आणि माझे दोन चांगले अभ्रे हिरवट झालेत ते अजून निघाले नाहीत.