गिअरबॉक्स ‘उघडला’ आणि साडेसत्तावीस हजार गेले

मेकॅनिकने फसवू नये म्हणून जुने पार्ट परत मागा, असं सगळेच सांगतात. मी मागितले होते. त्यांनी दिलेही. फसवणूक झाली ती तिथेच.

माझी गाडी 2010 ची. छोटी हॅचबॅक, पेट्रोल, हाताने गिअर टाकायची. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तिचा यात काही दोष नाही. चौदा वर्षांच्या गाडीतली वायर आणि रबरं कधीतरी जाणारच. रोज सातारा ते वाई शाळेत आणि संध्याकाळी परत, असा माझा प्रवास. नवरा पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवार येतो. त्यामुळे गाडीचं दुखणंखुपणं माझ्याच गळ्यात.

2024 च्या जूनमध्ये एका सकाळी आनेवाडी टोलनाक्यावर रांगेत थांबले आणि पहिला गिअरच पडेना. क्लच तळापर्यंत दाबलाय, दांडा ढकलतेय, पण आतून कुणीतरी हात धरून ठेवल्यासारखं. मागून हॉर्न सुरू. शेवटी आधी दुसरा टाकला, मग पहिला ढकलला, तेव्हा खटकन पडला. त्या आठवड्यात हे रोजचंच झालं. रिव्हर्स टाकताना तर असा किर्रर्र आवाज यायचा की शाळेच्या आवारात गाडी मागे घेताना पोरं कानावर हात ठेवून हसायची. चालत्या गाडीत मात्र तिसरा, चौथा बऱ्यापैकी पडायचे. अडचण गाडी उभी असतानाच. ही गोष्ट तेव्हा मला साधी वाटली. पुढे कळलं की सगळं निदान तिच्यातच होतं.

हायवेलगत एक चकचकीत गॅरेज आहे. काचेचं केबिन, गार हवा, आल्या आल्या पाण्याची बाटली. फोरमन गाडीत बसला, इंजिन चालू ठेवूनच दांडा दोनदा पुढेमागे केला आणि उतरला. दहा सेकंदही लागले नसतील.

“मॅडम, बॉक्स गेला. सिंक्रो रिंगा संपल्यात. असंच चालवलंत तर आतले गिअर तुटतील, मग साठ हजार धरून चाला.” (सिंक्रो रिंगा म्हणजे गिअर अलगद पडावा म्हणून बॉक्समध्ये असलेल्या पितळी रिंगा.) वर विचारलं, “साहेबांशी बोलून घेऊ का?”

हे साहेबांशी बोलणं मला झोंबलं. मीही दाखवायला गेले, की आपण काही अडाणी नाही. लेखी एस्टिमेट द्या म्हटलं. बॉक्स उघडलात की फोटो पाठवा म्हटलं. बदललेले पार्ट मला बघायचेत म्हटलं. फोरमन हो हो म्हणत सगळं लिहून घेत होता, आणि मला वाटत होतं की असं चोखंदळ गिऱ्हाईक यांना कधी मिळालंच नसेल. दुसरं एखादं गॅरेज बघावं, हे मात्र डोक्यातही आलं नाही. ‘गिअरबॉक्स’ हा शब्द ऐकला की माझ्यासारख्याचं डोकं चालेनासं होतं. पंक्चर, बॅटरी, ब्रेक हे आपल्या आवाक्यातलं वाटतं. बॉक्स म्हटलं की ऑपरेशन थिएटर.

गाडी तीन दिवस तिथे होती. दुसऱ्या दिवशी दुपारी 3 वाजून 24 मिनिटांनी व्हॉट्सॲपवर फोटो आला: टेबलावर उघडा बॉक्स, तेलात माखलेली दातेरी चाकं, खाली ‘आत्ता उघडला मॅडम’. तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये एका निळ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये माझे ‘जुने पार्ट’ मांडून ठेवले होते. काळी पडलेली दोन बेअरिंगं, एक दात झिजलेला गिअर आणि एक पितळी रिंग. फोरमनने रिंग माझ्या तळहातावर ठेवली आणि आतल्या बाजूवरून नख फिरवायला लावलं. “बघा, धार राहिलीच नाही.” नव्हतीच. मी त्या रिंगेचा हातावर ठेवूनच फोटो काढला, नवऱ्याला दाखवायला.

बिल असं: सिंक्रो रिंग सेट 8,400, बेअरिंग 5,200, ऑइल सील 1,350, गिअर ऑइल 5 लिटर 2,750, लेबर 9,800. एकूण 27,500. “जीएसटी लावत नाही, तुमचे पाच हजार वाचवतो,” असं म्हणून त्यांनी पक्क्या बिलाऐवजी वर ‘एस्टिमेट’ छापलेला कागदच हातात दिला. मीही खूश. पैसे मालकाच्या नावाच्या खात्यावर यूपीआयने पाठवले. पाच हजार वाचवायच्या नादात आपण स्वतःच पुरावा सोडून देतोय, हे तेव्हा कळायला हवं होतं.

आणि गाडी झक्क चालायला लागली! पहिला अलगद, रिव्हर्स बिनआवाजी. स्टाफरूममध्ये दोघींना मी त्या गॅरेजचा नंबरही दिला. त्याची लाज अजून वाटते.

ऑगस्टच्या शेवटी पहिला गिअर पुन्हा अडायला लागला. फोन केला तर म्हणाले, नवीन रिंगा आहेत, बसायला वेळ लागतो. गणपती झाल्यावर एका रविवारी सासूबाईंना पाचगणीला घेऊन निघाले. पसरणीच्या घाटात, वळणावर तिसऱ्यातून दुसरा टाकायला पाय दाबला आणि पॅडल सरळ तळाला जाऊन बसलं. परत वर आलंच नाही. ब्रेक दाबून, चावी फिरवून गाडी कठड्याच्या बाजूला कशीबशी थांबवली. सासूबाई अथर्वशीर्ष म्हणत होत्या.

वाईतला एक मिस्त्री स्कूटरवरून आला. पत्र्याची शेड असलेला, साठीचा माणूस. त्याचा नातू आमच्याच शाळेत, म्हणून मी त्याची ‘बाई’. बॉनेट उघडलं, वाकून बघितलं आणि म्हणाला, “बाई, क्लचची केबल तुटली. काही नाही झालेलं.” गाडी बंद ठेवूनच त्याने तोंड खाली वाईकडे केलं, पहिला गिअर टाकला, आणि गिअरमध्येच स्टार्टर मारला. दोन गचके खाऊन गाडी चालू झाली. मग क्लचशिवायच, त्याच गिअरमध्ये, सावकाश घाट उतरून त्याने ती शेडपर्यंत आणली. हे तुम्ही करून बघू नका. मी शेजारी बसून देवाचं नाव घेत होते आणि तो मला गाडीबद्दल प्रश्न विचारत होता.

जूनमध्ये बॉक्सचं काम केलंय, म्हटल्यावर तो जरा थांबला. शेडमध्ये गाडी वर घेऊन खाली बॅटरी मारली. “इकडे या. हे बोल्ट बघा.” बॉक्सच्या बोल्टांवर चिखल आणि तेल यांचा जुना, दगडासारखा थर होता. “पाना लागला असता तर बोल्टचं डोकं चकाकलं असतं. दोन भाग जोडतात त्या फटीतलं सीलंट कंपनीचंच आहे. एक्सलसुद्धा कुणी हलवलेला नाही. बॉक्स खाली उतरवायचा तर हे सगळं काढावं लागतं.” प्लग काढून बोट बुडवलं. तेल काळंकुट्ट. “आणि पाच लिटर तेल कुठे घातलं? ह्या गाडीच्या बॉक्सात दोनेक लिटर मावतं.”

मी मोबाइलमधला रिंगेचा फोटो दाखवला. त्याने मागच्या फळीवरून माझ्याच मॉडेलची एक जुनी रिंग काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. फोटोतली रिंग बोटांच्या मुळापर्यंत आली होती. ही नुसती तळव्यात मावली. कुठल्यातरी मोठ्या गाडीचा माल होता तो. कितीजणांना दाखवून झाला असेल देव जाणे.

मग त्याने काय घडलं ते सांगितलं. जुन्या छोट्या गाड्यांत क्लचचं पॅडल आणि बॉक्सवरचा लिव्हर यांच्यामध्ये एक तारेची केबल असते. ती वर्षानुवर्षं ताणते, एकेक तार तुटत जाते. मग पॅडल पूर्ण दाबलं तरी इंजिन आणि बॉक्स जोडणारी क्लच प्लेट पूर्ण सुटत नाही, आणि इंजिनाबरोबर बॉक्समधला शाफ्टही फिरत राहतो. गाडी उभी असताना पहिला म्हणून अडतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतोच, म्हणून तो सगळ्यात आधी ओरडतो. गॅरेजवाल्यांनी केबलचा ॲडजस्टिंग नट चार आटे पिळला होता. बस्स. तेवढ्यावर ती अडीच महिने टिकली. “नट पिळायचे साडेसत्तावीस हजार,” मिस्त्री म्हणाला, आणि हसायचं नाही असं ठरवूनही हसला.

त्याने शिकवलेली तपासणी सांगते, कारण ती दोन मिनिटांची आहे आणि पैसे लागत नाहीत. सपाट जागी, हँडब्रेक लावून, इंजिन बंद करा आणि क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत अलगद पडतायत आणि चालू केल्यावर अडतायत, तर आधी क्लच बघा: केबल, काही गाड्यांत केबलच्या जागी असलेलं क्लचचं ऑइल, मग प्लेट. बंद गाडीतही दांडा जड जातोय तर दांड्यापासून बॉक्सपर्यंतचं लिंकेज, त्यातले बुश बघा. त्या छोट्या प्लास्टिकच्या वस्तू असतात आणि त्यांच्यासाठीही लोकांचे बॉक्स ‘उघडले’ गेलेत. बॉक्सवर खरा संशय घ्यायचा तो एखादाच गिअर नेहमी कुरकुरतो आणि बाकीचे ठीक असतात तेव्हा, किंवा चालता चालता गिअर आपोआप बाहेर येतो तेव्हा. त्यातही आधी इंजिन ज्यांवर बसवलेलं असतं ते फाउंडेशन रबर बघावेत. आवाजाचं गणित वेगळं. गाडी न्यूट्रलला उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर बॉक्समधलं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच सुरू होते, तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. रेस दिली की इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही, तर प्लेट घसरतेय. आणि फोरमनने दांडा हलवला तो फक्त इंजिन चालू असताना, हे आता आठवतं. बंद करून हलवला असता तर माझ्यासमोरच खोटं उघडं पडलं असतं.

आमच्या एका सहशिक्षिकेची गाडी एएमटी आहे, म्हणजे डाव्या पायाला काम नसलेली. तिला वाटायचं, आपल्या गाडीला क्लचच नाही. आहे. ही यंत्रणा आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत 2014 पासून आली आणि तिच्या आत साधाच बॉक्स आणि साधीच क्लच प्लेट असते. दाबायचं काम तेवढं मशीन करतं. तिला एका ठिकाणी पूर्ण युनिट बदला म्हणून सांगितलं होतं. निघाली बॅटरी कमजोर.

मिस्त्रीने केबल बदलली, लेबरसकट 850 रुपये घेतले. बॉक्सचं तेलही बदलून दिलं, त्याचे वेगळे. डब्यावरचा ग्रेड आणि गाडीच्या पुस्तकातला ग्रेड मला जुळवून बघायला लावला. पुस्तकात जीएल-4 असेल तर जीएल-5 चालतं म्हणणाऱ्याकडे थांबू नका, पितळी रिंगांना ते मानवत नाही, हे त्याचं म्हणणं.

घरी नवऱ्याने सगळे मेसेज पुन्हा वाचले, तेव्हा सगळ्यात पक्का पुरावा सापडला. बॉक्स टेबलावर उघडा असल्याचा फोटो आला, त्याच दुपारी 4 वाजून 10 मिनिटांनी आनेवाडीच्या टोलचे पैसे माझ्या फास्टॅगमधून कापले गेले होते. मेसेज मी तेव्हा वाचलाही होता, ट्रायल घेतली असेल म्हणून सोडून दिला. पोटातला बॉक्स टेबलावर ठेवून गाडी टोल पार करून आली!

गॅरेजमध्ये गेलो. मालक आधी म्हणाला, फोटो आदल्या दिवशीचा, पोरानं उशिरा पाठवला. मग ‘आत्ता उघडला’ वाचून दाखवल्यावर म्हणाला, स्टाफची चूक झाली. मग पुढच्या तीन सर्व्हिसिंग फुकट देतो म्हणाला. मी म्हटलं, गाडी परत तुमच्याकडे सोडीन असं खरंच वाटतं का? त्यावर केबिनमधली पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. त्यांनी गॅरेजला कळवलं, उत्तर आलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं. पक्कं बिल नसल्याने माझी बाजू लंगडी आहे. पण मालकाच्या नावावर गेलेले यूपीआयचे पैसे, त्यांच्याच अक्षरातलं एस्टिमेट, व्हॉट्सॲपचा फोटो आणि फास्टॅगचा मेसेज एवढं जोडलंय.

मिस्त्रीला साक्षीला याल का विचारलं, तर तो नको म्हणाला. “धंद्यातली माणसं आहेत बाई, उद्या मलाही त्यांच्याकडून पार्ट घ्यावा लागतो.” वाईट वाटलं, पण आग्रह केला नाही. निघताना त्याने केबलच्या बिलाचा कागद परत मागून घेतला, गाडीच्या टपावर ठेवला, आणि खाली पेनने लिहिलं: ‘बॉक्स कधीच उघडलेला नाही.’ त्याखाली सही, तारीख आणि गाडीचा नंबर.