शिकारी जीपच्या नावाखाली ४,१७,५०० रुपयांना टोपी

जुन्या जीपचा नाद असेल तर वाचा. शिकारीचे किस्से ऐकायला आवडत असतील तर दोनदा वाचा, कारण माझे पैसे किश्शातच गेले.

आमच्या गडहिंग्लज-आजरा पट्ट्यात चार म्हातारी माणसं बसली की विषय हाक्याचाच, म्हणजे रान उठवून केलेल्या शिकारीचा. ठासणीच्या बंदुकीत दारू जास्त पडली आणि कुणाचा खांदा निखळला, कुणी सायकलच्या नळीची बंदूक केली आणि पहिल्याच बाराला स्वतःच्या भुवया जाळल्या. १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली, गप्पा चालूच आहेत. आणि त्यात एक तरी जीप असतेच. काच बॉनेटवर आडवी पाडलेली, मागची सीट उलटी बसवलेली, दांड्यावर झोताची बॅटरी.

अशाच बैठकीत हा गृहस्थ आला. बेळगावकडचा, पन्नाशीचा, 'अण्णा, तुमच्यासारखी जाणती माणसं उरली कुठं' म्हणत पाया पडणारा. मोबाइलवर कोट्याच्या महाराजांच्या १९२५ च्या रोल्स रॉइसचा फोटो दाखवला, वाघाच्या शिकारीसाठी सजवलेली ती प्रसिद्ध गाडी. मग हळूच म्हणाला, 'आपल्याकडं पण आहे की एक. विलीज एमबी, महायुद्धातली. एका संस्थानानं लिलावात घेतलेली.' आणि किस्सा सुरू. जखमी रानडुक्कर अंगावर आलेलं, ऐनवेळी जीप बंद. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं, हेडलाइट उलटा फिरवून इंजिनावर उजेड पाडला, वायर जोडली आणि सगळे सुटले.

खोटं वाटेल असं यात काहीच नाही. एमबीचे हेडलाइट खरोखरच बिजागरीवर असतात, पाकळीचा नट सैल केला की मागं फिरतात. हे मला माहीत होतं. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात माझा जन्म गेलाय, उगाच कुणी मला अडाणी समजू नये.

गाडी बघायला गेलो. समोरच्या जाळीच्या फटी मोजल्या, बरोबर नऊ. नंतरच्या मुलकी जीपला सात असतात, तेवढं अभ्यासून त्यानं जाळी बदललेली. काचेच्या चौकटीला बंदूक अडकवायची पकड. मी म्हटलं, 'तो हेडलाइट फिरवून दाखवा की.' त्यानं पटकन माझा हात धरला. 'नको अण्णा, गंज धरलाय, नट तुटला तर तसला मिळायचा नाही.' आणि चहा मागवला.

तो चहा माझ्या घशात अजून अडकलाय. ज्या दिव्यावर अख्खा किस्सा उभा, तोच दिवा फिरत नाही! मागच्या पत्र्यावर दोन उभ्या वेल्डिंगच्या रेघा रंगाखालून फुगलेल्या दिसत होत्या. एमबीला मागं उघडणारा फळका नसतो, सलग पत्रा असतो. इथं फळका जाम करून वर स्टेपनी टांगलेली. मी रेघेवरून बोट फिरवलंसुद्धा. पण ऐंशी वर्षांच्या गाडीला डागडुजी असणारच असं कुणालाही वाटेल. शिवाय बरोबर आलेले दोघंही माना डोलावत होते. आज तेच म्हणतात, 'आम्हाला तेव्हाच शंका आली होती.'

बयाणा २५,००० यूपीआयनं. ३,६०,००० आरटीजीएसनं. ट्रकवर घालून आणायला १४,५००. 'आरटीओतलं सगळं बघतो' म्हणणाऱ्या त्याच्याच एजंटला १८,०००, रोख, पावती नाही. रोख कधी देऊ नका. आणि एजंट विक्रेत्यानं आणलेला असेल तर तिथूनच मागं फिरा.

घरी आल्यावर पुतण्यानं अर्ध्या तासात गाडी सोलली. खाली महिंद्राचा सांगाडा, चासी नंबर घासून नवा ठोकलेला. संस्थानाचा म्हणून दिलेला १९५१ चा दाखला त्यानं उजेडात धरला आणि हसतच सुटला. लेटरहेडवर पिन कोड छापलेला. पिन कोड आले १९७२ साली.

आता सरकारी पाहुणचार. आरटीओत आधी म्हणाले, जुना रेकॉर्ड ऑनलाइन नाही, बॅकलॉगला टाका, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवायचा अर्ज करा. टाकलं. मग म्हणाले, आरसीवरच्या मूळ मालकाला घेऊन या. तो वारलाय. मग म्हणाले, चासी नंबर संशयास्पद आहे, गाडी जप्त होऊ शकते. म्हणजे फसलो मी आणि गाडी धरणार माझी! पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची वेगळी व्हिंटेज नोंदणी २०२१ पासून आहे, त्याबद्दल विचारलं तर साहेब म्हणाले, 'आधी गाडी कुठली ते ठरवा.'

पोलिसांत गेलो तर 'व्यवहार कर्नाटकात झाला, तिकडं जा.' तिकडं गेलो तर 'पैसे महाराष्ट्रातल्या बँकेतून गेले, तिकडं जा.' सीमाप्रश्न सुटला नाही तो नाहीच, त्यात माझी जीप अडकली. झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा, म्हटलं की ठाणे अंमलदार छताकडं बघतो. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम तोंडावर म्हणून दाखवलं, तर उत्तर आलं, 'काका, हे दिवाणी मॅटर आहे, वकील बघा.' तक्रारअर्ज घेतला, पोच द्यायला शाई संपली होती. पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका, रात्र झाली तरी चालेल. पोलिसांनी नाहीच घेतलं तर अधीक्षकांना टपालानं लेखी पाठवा, मग थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडं. मी त्या पायरीवर आहे. वकिलाची फी वरच्या आकड्यात धरलेली नाही.

चासी नंबरवर पेन्सिल घासून कागदावर ठसा घ्या आणि पैसे देण्याआधी आरटीओत तपासा. दिवसा बघा, पावसाळ्यात नको, आणि लोहचुंबक खिशात ठेवा. पुट्टी भरलेल्या जागी तो चिकटत नाही. विकणारा किस्सा सांगायला लागला की किस्सा मिळाल्याचं मानून घरी या, फुकट मिळतो.

परवा मित्रानं एक जाहिरात पाठवली. तीच वेल्डिंगची पद्धत, तीच बंदुकीची पकड. किश्शात आता डुकराच्या जागी गवा आलाय आणि किंमत ४,१०,००० झालीय. टायर मात्र कोरे करकरीत. ते बहुतेक माझ्याच पैशातले असावेत.