खळ्याचं काँक्रीट आणि पांढऱ्या केमिकलचा डबा

मे महिन्यात कोकणात प्रत्येकाला मिरगाआधी डागडुजी उरकायची घाई असते. माझी ती घाई त्या माणसांनी बरोबर हेरली.

आमचं घर देवगड तालुक्यात, खाडीच्या काठी. दारात ६०० चौरस फुटांचं काँक्रीटचं खळं, वडिलांनी घातलेलं. वरचा थर झिजून खडी उघडी पडली होती. पडवीच्या स्लॅबच्या कडेला पोपडे सुटून गंजलेल्या सळ्या दिसत होत्या.

तिघे जण टेम्पो घेऊन आले. "बाजूच्या गावात मोठं काम संपलं, केमिकल उरलंय, काका. निम्म्या भावात करून देतो." ४५ रुपये चौरस फूट, स्लॅबची कड त्यातच. २७,००० पैकी १५,००० आगाऊ घेतले. पावती मागितली, तर "काम झाल्यावर बिलच देतो" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून दुपारी परतलो, तर निम्मं खळं गुळगुळीत, करड्या रंगाचं. आई पडवीत बसून बघत होती. म्हणाली, "रे, हेंनी शेवाळ खंय काढल्यानी?" छिन्नीचा एक ठोकाही तिने ऐकला नव्हता. नुसता झाडू फिरवून वर सिमेंट पसरलं होतं. मी विचारलं, तर पांढऱ्या दुधासारख्या द्रवाचा डबा समोर धरला. लेबल खरवडलेलं. तिथेच काम थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही, उलट संध्याकाळी उरलेले १२,००० पण दिले. बिल उद्या आणतो म्हणून गेले ते गेलेच. फोन बंद.

आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आषाढात एक दिवस मी ताटाएवढा पापुद्रा नुसत्या हाताने उचलला. जाडी नाण्याएवढी, आणि खालच्या अंगाला आमचंच शेवाळ चिकटलेलं.

गावातल्या जुन्या गवंड्याला बोलावलं. त्याने खळ्यावर हातोडी टकटक वाजवत नेली. जिथे बद्द आवाज आला, तिथे खाली पोकळ. नवा थर जुन्याला धरायला हवा तर सैल काँक्रीट फोडायचं, टाचे मारायचे म्हणजे छिन्नीने पृष्ठभाग खडबडीत करायचा, शेवाळ घासून काढायचं, धुवायचं, मगच बाँडिंगचं केमिकल. त्यातही फसवणूक असते. एक केमिकल पावसात टिकतं, दुसरं साध्या पांढऱ्या गोंदासारखं, पाणी लागलं की पुन्हा मऊ होणारं. डब्यात दोन्ही दुधासारखीच दिसतात. म्हणून सीलबंद डबा आपल्यासमोर फोडून घ्यायचा. सिमेंटच्या गोणीवर कितव्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनलं ते छापलेलं असतं, तेही वाचायचं.

पडवीच्या कडेने तर मला जास्त घाबरवलं. त्यांनी गंजलेल्या सळ्यांवरच प्लास्टर थापलं होतं. खाऱ्या हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये शिरून सळीला गंज चढवतं, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणजे काँक्रीट आतूनच फुटतं. प्लास्टरने ते फक्त नजरेआड झालं होतं. गणपतीत कडेचा एक ढेकूळ खाली पडला. नशीब, मुलं तेव्हा आरतीला आत होती. तिथे सळीच्या मागपर्यंत काँक्रीट खोदायचं, सळी तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासायची, गंजरोधक लावायचा, मग पॉलिमर मॉर्टर, म्हणजे बाँडिंगचं केमिकल घातलेला सिमेंट-वाळूचा माल, भरायचं. हे एका दिवसात होणारं कामच नाही. दुकानात बहुतेक मिळतं ते राखमिश्रित सिमेंट. त्याला निदान १० दिवस पाणी मारावं लागतं. आमच्या तिघांनी एकदाही पाणी मारा म्हणून सांगितलं नव्हतं.

पोलिसांत तक्रार दिली. त्यांनी पहिलं विचारलं, पावती कुठाय, गाडीचा नंबर काय? माझ्याकडे दोन्ही नव्हतं. आता अर्धे पैसे काम तपासून झाल्यावर, आणि तेही कागदावर लिहूनच, असं ठरवलंय. खळं दिवाळीनंतर त्याच गवंड्याकडे दिलंय. कडेखाली तोवर बांबू आडवा बांधून ठेवलाय, पोरं तिथे जाऊ नयेत म्हणून.