शैक्षणिक कर्जमाफीचं 'प्रमाणपत्र' विकणाऱ्यांपासून सांभाळा

माझ्या धाकट्या भावाचं इंजिनिअरिंगचं कर्ज चार लाखांच्या आतलं. तारण नाही, फक्त वडील सहकर्जदार. नोकरी लागली, सुटली, हप्ते तुंबायला लागले. तेवढ्यात वडिलांच्या व्हॉट्सॲपवर 'शैक्षणिक कर्जमाफी शिबिर' असं पत्रक आलं. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले योजनेत काकांचं पीककर्ज खरोखर माफ झालं होतं, त्यामुळे वडिलांना यात अशक्य असं काही वाटलं नाही.

तालुक्याच्या ठिकाणी भाड्याचा गाळा, टेबलावर फायलींचा ढीग, आणि बोलण्यात पटाईत माणूस. "काका, तुमच्या कर्जाला सरकारची हमी आहे. थकलं तर ७५ टक्के सरकार भरतं. बँक हे तुम्हाला कधी सांगणार नाही."

यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पचतं. शैक्षणिक कर्जासाठी केंद्राचा पतहमी निधी आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या विनातारण कर्जात थकलेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांची हमी त्यातून मिळते. पण मिळते ती बँकेला! कर्जदाराच्या डोक्यावरचा एक रुपयाही त्याने उतरत नाही, वसुली चालूच राहते.

'फाइल चार्ज' आठ हजार, 'लीगल फी' पंधरा हजार, आधार-पॅनच्या झेरॉक्स आणि सही केलेले कोरे चेक. बदल्यात स्टॅम्प पेपरवर 'कर्जमुक्ती प्रमाणपत्र', गोल शिक्क्यासह. वर ताकीद: "आता हप्ता भरायचा नाही, भरलात तर केस कमजोर होईल. बँकेचा फोन उचलू नका, आमचे वकील बघून घेतील."

तेवीस हजार गेले ते गेलेच, पण खरा घात या ताकिदीने केला. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं. तसंच झालं. भावाबरोबर वडिलांचंही सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासावरचे गुण) घसरलं आणि ट्रॅक्टरच्या कर्जाचा अर्ज परत आला. शाखेतल्या मॅडमनी ते प्रमाणपत्र बघून कपाळाला हात लावला. त्यांच्याकडे असा कागद पहिल्यांदा आला नव्हता. म्हणाल्या, "नोकरी गेली तेव्हाच आला असतात तर हप्ते पुढे ढकलता आले असते, मुदत वाढवता आली असती. आता खातं आधी नियमित करावं लागेल."

असं प्रमाणपत्र द्यायचा अधिकार कोणालाच नाही. सेवाशुल्क किंवा कायदेशीर शुल्क घेऊन कर्जमाफीची प्रमाणपत्रं वाटणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने ११ डिसेंबर २०२३ ला पत्रक काढून इशारा दिला होता. (तो आमच्या गावापर्यंत पोचला नाही. शिबिराचं पत्रक मात्र घरोघर पोचलं.)

मग खरी सूट मिळते ती कुठे? कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत बसत असेल, तर शिक्षणाचा काळ आणि पुढचं एक वर्ष एवढ्या मुदतीचं व्याज केंद्र सरकार भरतं. हे बँकेमार्फतच होतं, उत्पन्नाचा दाखला लागतो, एजंट लागत नाही. मुद्दल माफ होत नाही. एकरकमी तडजोड (ठरलेली कमी रक्कम एकदम भरून कर्ज मिटवणं) बँकेशी थेट किंवा लोकअदालतीत होऊ शकते, पण सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढचं कर्ज अडतं. 'दिवाळखोरी दाखवू' असंही तो गाळेवाला म्हणाला होता. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात वगळलेल्या देण्यांच्या यादीत शैक्षणिक कर्जाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे, म्हणजे दिवाळखोरीनेही ते सुटत नाही.

कोणी आधीच पैसे दिले असतील तर पहिलं काम चेकचं: बँकेत जाऊन दिलेल्या चेकांचं पेमेंट थांबवा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. रोख दिले असतील तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, आणि ते प्रमाणपत्र रागाने फाडू नका, पुरावा तोच आहे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे बँकेविरुद्धची तक्रार चालते, या एजंटांविरुद्धची नाही. आम्ही आधी तिकडेच अर्ज केला आणि त्यात बराच वेळ गेला.