मूडलवर कोर्सचा कोड कसा ठरवावा: तीन पद्धतींची तुलना

मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीत कोर्स तयार करताना तीन मुख्य रकाने दिसतात: पूर्ण नाव, शॉर्टनेम आणि आयडी नंबर. पूर्ण नाव दोन कोर्सना एकच असलं तरी चालतं. शॉर्टनेम मात्र संपूर्ण साइटवर एकदाच वापरता येतं. आयडी नंबर रिकामा सोडता येतो, पण भरला तर तोही दुसऱ्या कोर्सचा नसावा लागतो. खरा निर्णय घ्यायचा तो शॉर्टनेमचा, कारण कोर्सचा कोड म्हणून तेच वापरलं जातं.

पहिली पद्धत सर्वांत सोपी: अभ्यासक्रमात छापलेला कोडच शॉर्टनेम म्हणून घ्यायचा, उदाहरणार्थ एमएआर१०१. विद्यार्थी, शिक्षक आणि परीक्षा विभाग सगळ्यांच्या तोंडी तोच असतो. पण पुढच्या वर्षी तोच पेपर पुन्हा उघडायला गेलात की शॉर्टनेम आधीच वापरलेलं असल्याचं मूडल सांगतं. मग कोर्स रिसेट करावा लागतो, आणि रिसेटमध्ये निवडाल त्याप्रमाणे जुन्या बॅचच्या असाइनमेंट व गुण पुसले जातात. बॅकअप घेतला नसेल आणि एखाद्याचा पेपर राहिला असेल, तर दाखवायला काही उरत नाही.

दुसरी पद्धत कोडला वर्ष आणि सत्र जोडते: एमएआर१०१-२५२६-१. दरवर्षी नवा कोर्स, जुना आहे तसा शाबूत. नाव लांबतं, जुन्या कोर्सची गर्दी होते. शेवटची तारीख नोंदवलेली असेल आणि ती उलटली की असे कोर्स वापरकर्त्याच्या कोर्स-यादीत ‘झालेले’ या गटात जातात, पण विद्यार्थ्यांपासून लपत नाहीत. लपवायचं काम वेगळं करावं लागतं.

तिसऱ्या पद्धतीत कॉलेजच्या ईआरपीतला (प्रशासकीय संगणक प्रणालीतला) निव्वळ क्रमांक शॉर्टनेम होतो. यंत्राला सोयीचा, पण ४०७१८ वाचून हा मराठीचा पेपर आहे की भूगोलाचा, हे कुणाला कळणार? तो आयडी नंबरमध्ये ठेवावा. फ्लॅट फाइलने (साध्या मजकूर फाइलने) विद्यार्थ्यांचे कोर्सप्रवेश करताना मूडल कोर्स आयडी नंबरवरूनच शोधतं, तर विद्यार्थ्यांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल) अपलोड करताना ‘कोर्स१’ या रकान्यात शॉर्टनेम लागतं. दोन्ही रकाने आपापल्या कामाला लावले की भांडण मिटतं.

एका कॉलेजचा सर्व्हर असेल तर दुसरी पद्धत पुरते. सर्व्हर अनेक कॉलेजांचा सामायिक असेल तर मात्र ती अपुरी आहे. गोवा विद्यापीठाला संलग्न, पण स्वायत्त नसलेल्या कॉलेजांत अभ्यासक्रम विद्यापीठाचा, म्हणजे कोडही तोच. साखळी आणि केपे या गोव्यातल्या दोन गावांच्या कॉलेजांचा एमएआर१०१ एकमेकांवर आदळणारच. कोडच्या सुरुवातीला कॉलेजची दोन अक्षरं लावा आणि यादी आधी लेखी ठरवा. मराठी उच्चारावरून केपे आणि खांडोळा दोघंही ‘के’वर येतात, पण केप्याचं रोमन स्पेलिंग क्यूने सुरू होतं. दोन कर्मचारी दोन अक्षरं वापरू लागले की शोध फसतो. विषयाच्या अक्षरांचंही तेच. एमएआर मराठीला दिलं तर सागरी विज्ञानाला (मरीन सायन्सला) दुसरं काही शोधावं लागेल.

कोडमध्ये काय घालू नये, याची यादी मोठी आहे. शिक्षकाचं नाव नको. बदली झाली की कोड खोटा. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय) हेही नको, कारण तोच पेपर एकाला मेजर आणि दुसऱ्याला मायनर असू शकतो. यूजीसीच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यानुसार १०० ते १९९ हे पायाभूत, २०० ते २९९ मध्यम पातळीचे कोर्स. अभ्यासक्रमाचे आकडे त्या चौकटीत असतील तर पातळी वेगळी लिहायला नको. तुकडी कोडात घालायची की कोर्समध्ये ग्रुप करायचे? शिक्षक आणि साहित्य एकच असेल तर ग्रुप बरे. मूल्यमापन वेगळं असेल तरच -ए, -बी.

सत्रासाठी अक्षर नको, आकडाच हवा. विषम सत्राचा ‘ओ’ शून्यासारखा दिसतो. सम सत्राचा ‘ई’ तर एक्सेलचा बळी: २५२६ई१०१ असा कोड एक्सेल घातांकाची संख्या समजतो आणि बदलून टाकतो. एमएआर-२५ लिहिलंत तर मार्चची तारीख होते. म्हणून सीएसव्ही उघडताना तो रकाना टेक्स्ट म्हणूनच आयात करावा. इथे कोड देवनागरीत लिहिले आहेत. सिस्टिममध्ये ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच ठेवा. देवनागरी १ आणि इंग्रजी 1 ही संगणकाला दोन वेगळी अक्षरं आहेत. मराठी हवं तर पूर्ण नावात द्या, तिथे ते शोभतंही.

गूगल क्लासरूम वापरत असाल तर तिथला क्लास कोड सिस्टिमच तयार करते. आपल्या हाती नाव, विभाग, विषय असे रकाने, आणि दोन क्लासना एकच नाव द्यायला कुणी अडवत नाही. वरचाच साचा नावात वापरा.

आधीच चुकीचे कोड पडले असतील तर सत्राच्या मध्यातही बदलता येतात. मूडलच्या कोर्सची लिंक अंतर्गत क्रमांकावर चालते, शॉर्टनेमवर नाही, त्यामुळे जुन्या लिंक तुटत नाहीत. तुटतात त्या जुनं शॉर्टनेम असलेल्या सीएसव्ही. खूप कोर्स असतील तर कोर्स अपलोडमध्ये ‘रिनेम’ रकाना देऊन नाव बदलण्याची परवानगी चालू करा. नवे कोर्स चढवताना मात्र ‘फक्त नवे तयार करा’ हाच पर्याय निवडा. शॉर्टनेम आपोआप वाढवणारा पर्याय चुकून निवडला गेला, तर फाइल दुसऱ्यांदा चढवल्यावर शेवटी आकडा चिकटलेल्या दुसऱ्या प्रती निपजतात, आणि विद्यार्थी दोन कोर्सांत विखुरतात. आधी दोन ओळींची फाइल चढवून प्रीव्ह्यू पाहा, मगच सगळी.